थंडीत गोणपाट नेसलेली मोटारसायकल

मी एक जुनी मोटारसायकल आहे, हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला माझ्याकडे बघून नाक मुरडायचे कष्ट नकोत. माझा डावा आरसा दुसऱ्याच गाडीचा आहे. सीटला दोन ठिगळं आहेत. किक मारली की मी आधी खोकते, मग जरा विचार करते आणि मग चालू होते. पण मित्रांनो, वय झालं म्हणून अक्कल जात नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्यावर जो प्रसंग गुदरला, त्यात अक्कल फक्त माझ्याकडेच शिल्लक होती, आणि मला तोंड नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं मिनिटाला एक बहीण जन्माला येत होती, त्यामुळे लाड कुणाचेच झाले नाहीत. लाड झाले ते पिंपळीत, अप्पांच्या घरी. मी आले त्याच वर्षी अप्पांना मुलगी झाली, तेजश्री. अप्पांच्या बायकोनं, केसरबाईंनी, माझ्या हँडलला निळी फीत बांधली, पेढे वाटले, आणि येणारा-जाणारा विचारी, "पेढे गाडीचे का पोरीचे?" अप्पा म्हणत, "दोन्हीचे. दोन दोन घ्या."

पुढची पंधरा वर्षं मी मान वर केली नाही. द्राक्षाचे क्रेट, फवारणीचे डबे, बाजाराची पिशवी आणि वर अख्खं कुटुंब, सगळं मी वाहिलं. "गाडी न्हाय, बैल हाय बैल!" असं अप्पा म्हणायचे आणि मी फुगायचे. मग अप्पांचा थोरला मुलगा बुद्धघोष पुण्याला नोकरीला लागला. त्याने नवी गाडी घेतली. ती लाल, चकचकीत आणि बटणावर चालू होणारी. माझी रवानगी बागेतल्या शेडमध्ये झाली. तिथं एक कोंबडी रोज माझ्या सीटवर अंडं घालायची. मित्रांनो, बैलाचं माझं असं खुराडं झालं. फार वाईट वाटायचं.

मला बाहेर काढलं ते तेजश्रीनं. ती रक्त तपासण्याचं शिक्षण घेऊन आली होती आणि अंथुर्ण्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक दिवस उजाडताच येतात. म्हणून लॅबच्या मॅडमनी चावी तिच्याच हातात दिली आणि बजावलं, "साडेसातला कुलूप उघडलंच पाहिजे. पहिला आठवडा बघेन. एक दिवस जरी उशीर झाला, तरी मी दुसरी मुलगी बघणार." पहिली एसटी तिथं पोचायची साडेआठला, आणि लाल गाडी बुद्धघोषनं पुण्याला नेलेली. म्हणजे नोकरी टिकायची असेल तर मीच हवी होते.

तेजश्रीकडे लायसन होतं, तिला गाडी उत्तम यायची, आणि थंडीची तयारीही तिनं शहाण्यासारखी केली होती. मला नागेश मिस्त्रीकडे नेऊन ऑइल बदललं, साखळीला वंगण दिलं, टायरची हवा बघितली, पुढचा दिवा नीट बसवला. मागे लाल रिफ्लेक्टर लावून घेतला. स्वतःसाठी वारा न शिरणारं एक पातळ जाकीट आणि बोटं नीट वळतील असे हातमोजे आणले. "सुईनं शीर शोधायची असती, आई," ती केसरबाईंना म्हणाली. "बोटं बधिर झाली तर माणसाला चार येळा टोचावं लागंल."

पण अप्पांनी एका वाक्यात सगळ्यावर पाणी फिरवलं. "गाडी मी चालवणार. तू मागं बसायचं."

"अप्पा, मला येती की चालवायला."

"न्हाय म्हणलं का मी? मागं बस."

आता अप्पांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. अप्पा द्राक्षवाले. द्राक्षवाल्याला थंडी म्हणजे वैरीण. पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून अप्पा बागेत भुसा पेटवून धूर करतात, एकेका घडाला कागद गुंडाळतात. गेली वीस वर्षं त्यांनी थंडीवर एकच इलाज केला आहे, तो म्हणजे गुंडाळणे. सोमवारी पहाटे पाच वाजता ते गोणपाट, सुतळी आणि जुनं धोतर घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, तेव्हाच मी ओळखलं, आज माझी धडगत नाही.

"अवं, हे काय करताय?" केसरबाईंनी विचारलं.

"थंडीनं मणी तडकत्यात, मग इंजिन न्हाय तडकणार?" असं म्हणून अप्पांनी माझ्या इंजिनाला गोणपाट नेसवलं आणि सुतळीनं आवळलं. तेवढ्यावर थांबतील तर ते अप्पा कसले! सीट काढून त्यांनी मला हवा आत घ्यायला जे तोंड असतं तेही शोधून काढलं. "हितनं गार वारं आत शिरतंय बघ," म्हणाले, आणि धोतराचा बोळा करून तिथं कोंबला. मित्रांनो, सर्दी होऊ नये म्हणून तुमचं नाकच कुणी बुजवलं तर कसं वाटेल? अगदी बंद झालं नव्हतं, कडेनं थोडी हवा येत होती. तेवढ्यावर मी जीव धरला.

इकडे केसरबाईंनी नवऱ्याला गुंडाळायला घेतलं. दोन स्वेटर. त्यांच्या मधे छातीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी. वर बुद्धघोषचं जर्किन. पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यावर बूट, त्यामुळे अप्पा चालले की चर्रचर्र वाजायचं. डोक्याला कानटोपी, तिच्यावर मफलर, आणि त्याच्यावर हेल्मेट बसेना, म्हणून केसरबाईंनी पाटावर उभं राहून ते दोन्ही हातांनी दाबून बसवलं. शेवटी त्यांनी स्वतः विणलेले लोकरीचे मोजे अप्पांच्या हातात घातले. त्यांना अंगठा होता, पण बाकीची चार बोटं एकाच खोलीत राहायची.

"मान वळवून दावा," तेजश्री म्हणाली.

अप्पा कमरेपासून सगळेच वळले.

आमच्या घराची एक रीत आहे. मागे बसणारं माणूस नीट बसलं की पुढच्याच्या पाठीवर थाप मारतं, मगच गाडी सुटते. तेजश्रीनं थाप मारली. अप्पा हलले नाहीत. परत मारली. अप्पांना पत्ताच नाही. गादीवर थाप मारल्यासारखंच ते झालं. मग ठरलं की आज थाप हेल्मेटवर मारायची. तेजश्रीनं हेल्मेटवर टकटक केलं आणि आम्ही एकदाचे निघालो. सहाला निघायचं होतं, या सगळ्या पोशाखात सव्वासहा वाजले.

कालव्याच्या बाजूनं धुकं असं आलं होतं की माझा दिवा चार हातांपुढे जाईना. उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जात होत्या. काटेवाडी मागे पडली आणि अप्पांच्या श्वासानं हेल्मेटची काच आतून-बाहेरून पांढरी झाली. त्यांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. मला बंदही केलं नाही.

"तेजू, काच पूस ग. मला काय बी दिसंना."

तेजश्री खाली उतरली, पुढे आली, रुमालानं काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसली आणि "झालं" या अर्थानं हेल्मेटवर टकटक केलं.

अप्पांनी गिअर टाकला आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, मला क्षणात कळलं! लहानपणापासून ज्या मुलीला मी पाठीवर वाहिलं, तिचं वजन मला कळणार नाही? माझे मागचे शॉकअप मोकळे झाले, सीट हलकी झाली, आणि मागून "अप्पा! अवं अप्पा!" अशी हाकही आली. पण कानटोपी, मफलर आणि हेल्मेट अशा तीन भिंती ओलांडून ती आत कशी जाणार? माझ्याजवळ हॉर्न आहे, पण तो दाबायला माणूस लागतं. थोड्या वेळानं अप्पांच्या आतल्या खिशात फोन थरथरू लागला. अप्पा म्हणाले, "बघ तेजू, काय थंडी हाय. काळीज सुदीक कापाय लागलंय."

आणि मग ते बोलायला लागले. मी अप्पांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. समोरासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पण पाठीमागं माणूस आहे आणि आपलं तोंड त्याला दिसत नाही, असं वाटल्यावर ते सुटले.

"तेजू, एक सांगू का? आईला बोलू नको. तुला गाडी येत न्हाय म्हणून मी अडवत न्हाय. बुद्धघोषपरीस तूच चांगली चालवतीस. पर ह्या रस्त्याला धुकं असतं, ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. तू एकली गेलीस की पोचल्याचा फोन येईस्तवर माझ्या गळ्याखाली घास उतरायचा न्हाय. मला भ्या वाटतं, बास. बापानं पोरीला असं कसं सांगायचं?"

मागून उत्तर आलं नाही. येणार कुठून?

"रागावलीस व्हय?" अप्पांनी विचारलं. थोडा वेळ वाट बघितली. "बरं केलंस, उलटून बोलली न्हाईस. शानी हायस."

मला हसावं की रडावं कळेना. एका बापानं जन्मात पहिल्यांदा मनातलं सांगितलं आणि ते ऐकायला एक भंगारातली मोटारसायकल! तिकडे ती पोर चावी घेऊन रस्त्यावर उभी, अंथुर्ण्यात लोक उपाशी, आणि आम्ही तिला सोडून सात-आठ किलोमीटर लांब आलेलो.

गाडी थांबवणं माझ्या हातात नव्हतं, पण अप्पांनीच ती सोय करून ठेवली होती. तो धोतराचा बोळा हळूहळू आत ओढला जात होता. सणसरच्या जवळ तो पुरता बसला. माझा श्वास कोंडला, मी काळा धूर सोडला, तीनदा खोकले आणि भर रस्त्यात गप्प झाले. इतक्या आनंदानं मी कधी बंद पडले नव्हते.

"आता ग? उतर बरं जरा," अप्पा म्हणाले. कोणी उतरेना. ते कमरेपासून सगळेच वळले. सीट रिकामी होती.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं त्याला हसू नका, मीही हसले नाही. अप्पांना वाटलं पोर धक्क्यानं पडली. त्यांनी हातातले मोजे ओढून फेकले, हेल्मेट उपसलं, कानटोपी कुठं, मफलर कुठं. "तेजू! तेजू ग!" करत ते धुक्यात उलटे पळत सुटले, पायातल्या पिशव्या चर्रचर्र वाजत होत्या. वीसेक पावलं गेले असतील, तेवढ्यात समोरून दुधाचा टेम्पो आला आणि त्याच्यातून तेजश्रीनं उडी मारली.

अप्पा मटकन रस्त्याच्या कडेला बसले.

"मला सोडून गेलात, अप्पा!" तेजश्री संतापली होती. "किती हाका मारल्या! फोन किती केले! सात वाजून गेले!"

"मला वाटलं तू ऐकतीयास," अप्पा म्हणाले.

"काय ऐकतीया?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, जशी काही मी साक्षीदार आहे. मग जमिनीकडे बघितलं. एवढं लांबलचक भाषण परत त्यांना जमलं नाही. त्यांनी फक्त चार शब्द सांगितले. "मला भ्या वाटतं, तेजू."

तेजश्रीचा राग तिथंच विरघळला. ती बापाशेजारी उकिडवी बसली आणि त्यांचे गारठलेले हात आपल्या हातात धरले.

"मलाबी वाटतं, अप्पा," ती म्हणाली. "म्हणून तर सावकाश चालवती मी. उठा."

तिनं माझी सीट काढली, बोळा उपसला, पिशवीतल्या कात्रीनं सुतळी कापून गोणपाट सोडलं. थंडगार वारा आत आला आणि मित्रांनो, मी पोटभर श्वास घेतला. दोनच किकांत चालू झाले. तेजश्री पुढे बसली. अप्पा मागे बसले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हळूच थाप मारली.

सात वाजून सत्तावीस मिनिटांनी आम्ही अंथुर्ण्यात होतो. लॅबच्या पायरीवर आठ-नऊ माणसं शाली पांघरून बसली होती. त्यातल्या तानूबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी उठून म्हणाल्या, "आलीस व्हय बाई! आनिक धा मिन्टं लावली असतीस तर मी च्या पिऊन मोकळी झाली असती." तेजश्रीनं कुलूप उघडलं, हातमोजे काढले. बोटं उबदार होती. तानूबाईंना एकदाच टोचलं आणि शीर सापडली. अप्पा दारातून बघत होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "माझी पोरगी हाय ती. गाडी बी तिनंच आणली."

आठवडा पार पडला, नोकरी पक्की झाली. आता रोज तेजश्री एकटीच जाते. अप्पा पाचला उठतात, माझी हवा बघतात, चोक ओढून मला दोन मिनिटं नुसती चालू ठेवतात आणि दिवा पुसतात. काय काय करायचं ते त्यांनी तिलाच विचारून घेतलं. भीती काही गेलेली नाही. साडेसातला तिचा फोन येतो, मगच त्यांची न्याहरी होते.

म्हणून मित्रांनो, हिवाळ्यात आम्हा जुन्या गाड्यांना जपा. आम्हाला गोणपाट नको. वेळेवर तेल, मोकळी हवा आणि सकाळी दोन मिनिटं धीर एवढं पुरतं. माणसालाही जपा, पण काय हवं ते त्याला विचारून जपा. आणि एखादी गोष्ट काळजातून सांगायची असेल, तर आधी मागे वळून माणूस बसलंय ना ते बघा. मी ऐकून घेते सगळं, पण मला कुणाचा हात धरता येत नाही.