एकमताने मंजूर

भूगावच्या विश्वसंवाद मंचात जनार्दनरावांनी चहा येण्याआधी मिटवला नाही असा जगात एकही तंटा उरला नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले जनार्दनराव अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेल्या नलिनीताई सचिव. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमत. आधी भाषण, मग चर्चा, शेवटी ठराव. ठराव लिहिण्यात नलिनीताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. युद्धाचा निषेध, शांततेचं आवाहन, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात वहीत जाऊन बसे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात; पण जेवणारे तृप्त होते, आणि वाढणाऱ्या नलिनीताईही.

श्रावणातल्या सभेला कासार आंबोलीच्या सगुणाबाई आल्या. नलिनीताईंकडे दूध त्यांच्याच घरचं येई. त्यांचा रोहित मालवाहू जहाजावर खलाशी होता. मालकानं जहाज वाऱ्यावर सोडलं होतं आणि चार महिने ते लढाई पेटलेल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. पोरं एक वेळ भात खाऊन दिवस काढत होती.

"तुमी परदेशाचं बघता म्हनं," सगुणाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "माजं पोरगं तितं अडाकलंय. कायतरी करा."

सगळ्यांना गलबलून आलं. जनार्दनरावांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, खलाशांच्या सुटकेसाठी सरकारनं तातडीनं पावलं उचलावीत. सगळे हात वर गेले. सगुणाबाईंनी प्रत मागून घेतली, तिच्यावर शिक्का मारायला लावला आणि घडी करून पिशवीत ठेवली.

त्यांना ठराव माहीत होता तो ग्रामसभेचा. सह्या होतात, कागद पौडला तहसील कचेरीत जातो, चार हेलपाटे पडतात, पण काम होतं. त्यांच्या वस्तीवर वीज तशीच आली होती. मंचाचा ठराव वहीबाहेर पाऊल टाकत नाही, हे त्यांना सांगणार कोण? सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं हॉलमध्ये कुणाला वाटलंच नाही.

आठ दिवसांनी दुधाची किटली ओट्यावर ठेवत त्यांनी विचारलं, "बाई, ठराव गेला का वो?"

नलिनीताईंनी तो पाठवायचा विषय काढला होता. जनार्दनराव म्हणाले होते, नवं लेटरहेड छापून येऊ दे. पण समोरच्या चेहऱ्याकडे बघून नलिनीताईंना एवढं सगळं सांगवेना.

"सगळं झालंय, सगुणाबाई. काळजी करू नका."

त्याच आठवड्यात जहाजावरच्या बऱ्याच पोरांच्या घरची माणसं जीप करून मुंबईला निघाली, जहाजांच्या सरकारी कचेरीत लेखी तक्रारी द्यायला. सगुणाबाईंसाठी जागा धरली होती. "आमचा ठराव गेलाय वर," त्या म्हणाल्या. "एका कामाला दोन दोन कागद कशाला? घोळ व्हायाचा."

मालकाच्या वकिलानं ज्यांच्या तक्रारी आल्या तेवढीच माणसं आधी सोडली. दसऱ्याआधी अकरा पोरं घरी आली. उरलेल्या पाचांत रोहित होता. त्यांना न्यायला बोट यायच्या दोन दिवस आधी जहाजावर क्षेपणास्त्र पडलं.

हे सगळं नलिनीताईंना सांगितलं ते सगुणाबाईंच्या नवऱ्यानं, हैबतरावांनी. दूध घालायला आता ते येत. त्यांनी जीपची गोष्ट सांगितली आणि रिकामी किटली उचलून गेले. आपण खोटं बोललो नव्हतो, असं नलिनीताई स्वतःला सांगत राहिल्या, आणि ते त्यांनाच पटेना.

पुढच्या सभेला सगुणाबाई मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या. घडीवर फाटत आलेली प्रत त्यांच्या हातात होती.

"बाई, ह्यो कागद कुनाला पाठिवला व्हता?"

नलिनीताईंनी वही उघडली, ते पान त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "कुणालाच नाही. इथंच आहे."

सगुणाबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. जनार्दनराव घाईनं उठले. "आपण कैलासवासी रोहितला श्रद्धांजलीचा ठराव मांडू. लिहून घ्या, नलिनीताई. एकमताने."

नलिनीताईंचा हात सवयीनं पेनाकडे गेला. सगुणाबाईंनी तो मनगटाशी धरला.

"नगा लिवू, बाई. लिवलं की तुमचं काम उरकतंय."