बिट्टीच्या अटी

सलूनमध्ये त्याच्या हाताखालून रोज पंचवीस-तीस डोकी जायची. घाईत असलेले वकील, भोकाड पसरणारी पोरं, टकलावर उरलेल्या चार केसांसाठी हुज्जत घालणारे म्हातारे, सगळे त्याच्या खुर्चीत निमूट बसायचे. एकच डोकं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि ते त्याच्या पोटच्या पोरीचं होतं.

बिट्टी नऊ वर्षांची. कंगवा नुसता दिसला तरी ती पलंगाखाली शिरायची. मानेवर केसांचा असा गुंता झाला होता की त्यात बोट शिरत नव्हतं. शाळेतून चिठ्ठी आली. गिऱ्हाइकं तर टपलेलीच असायची. "काय उस्ताद, घरचं गिऱ्हाईक नाराज दिसतंय?" तो हसण्यावारी न्यायचा, पण ते मनाला लागायचं.

एका रविवारी त्याने आणि त्याच्या बहिणीने बिट्टीला धरून बसवलं. पहिली बट कापली जायच्या आत तिने बापाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. नंतर दोन दिवस तिने तोंडातून शब्द काढला नाही.

"लाडावून ठेवलीय तिला," बहीण म्हणाली. "दोन रट्टे दे, सुतासारखी सरळ येईल."

त्याने हात उगारला नाही. बायकोवर मात्र राग काढला. बायको वाचनालयात कामाला. तिने शांतपणे सांगितलं, "अहो, मी बिट्टीचं नाव तपासणीसाठी दिलंय. ऑटिझम आहे का ते बघतील."

"माझी पोरगी वेडी नाही!"

"वेडी आहे असं कोण म्हणतंय? तिला काय होतंय ते आपल्याला कळत नाही, एवढंच म्हणतेय मी."

नंबर लागायला अकरा महिने गेले. तपासणीची खोली साधीच होती. एक गालिचा, दोन बुटक्या खुर्च्या आणि ठोकळ्यांचा डबा. मानसतज्ज्ञ बाई पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्या दोन भेटींत त्यांनी आईबाबांना पार पाळण्यापासूनचं विचारलं, बिट्टीबरोबर ठोकळे रचले, शाळेतल्या बाईंशीही बोलून घेतलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी बिट्टीला सहज विचारलं, "केस कापताना तुला कसं वाटतं गं?"

बिट्टी ठोकळ्यांकडे बघतच म्हणाली, "कात्री कानात ओरडते. केस मानेवर पडले की मुंग्या चावतात. आणि बाबा कधी हात लावणार ते आधी सांगतच नाहीत."

तो मागच्या खुर्चीत बसला होता. वीस वर्षं धंदा केला, येणाऱ्या प्रत्येकाला "कसे कापू?" विचारलं, आणि स्वतःच्या लेकीला कधीच विचारलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

ऑटिझमच निघाला. बाईंनी समजावून सांगितलं, की हा आजार नाही आणि यात आईबापाचा दोषही नाही. तिला आवाज आणि स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जाणवतात. बायको बाहेर येऊन ढसाढसा रडली. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. त्याने भर रस्त्यात तिचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

तपासणी झाली त्या केंद्रात दर गुरुवारी अशा मुलांच्या पालकांची बैठक भरायची. तिथे तो पाय ओढत गेला. शेजारी एक बसचालक बसला होता. तो म्हणाला, "मी एक वर्ष पोराला बदलायच्या मागे लागलो होतो. काडीचा फरक पडला नाही. मग घरातल्या सवयी बदलल्या, तर महिनाभरात पोरगा हसायला लागला. तुम्ही पोरीलाच विचारा ना, तिच्या अटी काय आहेत."

त्याने विचारलं. बिट्टीने दोन दिवस विचार केला आणि वहीच्या पानावर अटी लिहून दिल्या. मशीन नको, छोटी कात्रीच हवी. पाण्याचा फवारा नको. हात लावायच्या आधी सांगायचं. ती "थांब" म्हणाली की थांबायचं, आणि "का" विचारायचं नाही.

सोमवारी सलून बंद असायचं. पहिल्या सोमवारी ती खुर्चीत चार मिनिटं बसली आणि उतरली. दुसऱ्या सोमवारी तिने कात्री स्वतःच्या हाताने उघडमीट करून बघितली. पाचव्या सोमवारी तो म्हणाला, "आता उजव्या कानामागे हात लावतोय." ती म्हणाली, "लाव." एक बट खाली पडली. "थांब!" त्याची कात्री हवेतच थबकली. बाकीचे केस त्या दिवशी तसेच राहिले.

नवव्या सोमवारी शेवटचा गुंता निघाला. बिट्टीने मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, आणि खळखळून हसली. "बाबा, डोकं हलकं झालं!"

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "त्या रविवारी तुला धरून ठेवलं ना, ते माझं चुकलं, बेटा."

"हो, चुकलं," बिट्टी म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला होता.

बहीण बघायला आली. "एका हजामतीला नऊ आठवडे?" तिने विचारलं.

"नव्वद लागले असते तरी चाललं असतं," तो म्हणाला. जाताना बहिणीने बिट्टीला विचारलं, "मी पापा घेऊ का?" बिट्टी म्हणाली, "नको." बहिणीने मान डोलावली आणि लांबूनच हात हलवला.

गुरुवारच्या बैठकीत त्याची ही हकीकत सांगून होते न होते तोच एक आई उठून उभी राहिली. तिचा मुलगा सोळा वर्षांचा. तीन वर्षांत त्याच्या केसांना कात्री लागली नव्हती. सोमवारी ती त्याला सलूनमध्ये घेऊन आली. सहा फुटी पोरगा, खांद्यापर्यंत केस, दारातच अडून उभा. बिट्टीने स्टुलावर बसून त्याला अटी वाचून दाखवल्या. "तुझ्या वेगळ्या असतील तर सांग. बाबा ऐकतात."

पोरगा खुर्चीत बसला. अकरा वेळा "थांबा" म्हणाला आणि अकराही वेळा कात्री थांबली. दीड तासाने केसांआडून एक देखणा चेहरा बाहेर आला. त्याच्या आईने तोंडावर पदर धरला. पोरगा मात्र आरशाच्या अगदी जवळ गेला, कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पुन्हा कधी येऊ? उद्या?"

"उद्या? केस काय गवत आहेत?" बिट्टीने वही उघडली. "सहा आठवड्यांनी ये. त्याच्या आधीचे सोमवार भरलेत."

आणि ते खरंच भरले होते, बैठकीतल्या बाकीच्या पोरांच्या नावांनी.