पूजेला बसलेला कर्मचारी

महारुद्ररावांना देवाचा राग नव्हता. देव नाहीच म्हटल्यावर राग कुणाचा धरणार? त्यांना राग होता तो सरकारी भिंतीवरच्या देवाचा. घरात काय करायचं ते करा, म्हणायचे, देव्हारा छपरापर्यंत बांधा. पण जिथं मुसलमान बाई शिधापत्रिकेसाठी उभी राहते, पारध्याचं पोर दाखल्यासाठी हेलपाटे घालतं, तिथं कुठल्याच धर्माची उदबत्ती नको. कृषी सहायक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हे एकच काम केलं. श्रावण लागला की मोबाइल घेऊन कळंबातली कार्यालयं हिंडायचे. सत्यनारायण दिसला की फोटो, फोटो निघाला की अर्ज.

आमचा मंच म्हणजे तिघांचा. महारुद्रराव, शिवकुमार वकील आणि मी चंद्रप्रभा, हायस्कूलातून निवृत्त झालेली मास्तरीण. गावात आम्हाला बिनदेवाची माणसं म्हणतात. बाजारात बायका आधी माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघतात आणि मग भाजीचा भाव सांगतात. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण मी त्यांना कळू देत नाही.

त्या उन्हाळ्यात आमचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं. वरच्या कार्यालयातून पत्र आलं, की कचेरीच्या आवारात कुठलाही धार्मिक विधी करू नये आणि पूजेला बसलेल्या कर्मचाऱ्यावर कारवाई करावी. हे दुसरं वाक्य महारुद्ररावांच्या अर्जातलं, जसंच्या तसं उचललेलं. अर्ज लिहिताना मी त्यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडले होते. पूजा घालतो साहेब, वर्गणी काढायला लावतो साहेब, मग साहेबाचं नाव का नाही?

"बाई, साहेबाचं नाव घातलं तर वरचा साहेब सही करंल का?" ते म्हणाले. "आन् बसणाराच न्हाय मिळाला तर पूजा हुती कशी? बी न्हाय तर पीक न्हाय."

शिवकुमार वकिलांनी मान डोलावली. दोन पुरुष एकमेकांच्या हुशारीवर खूश झाले की तिसऱ्याचं कोण ऐकतं? पत्र आलं त्या दिवशी मात्र मीही त्यांच्याबरोबर भजी खाल्ली आणि चांगली पोटभर खाल्ली.

महारुद्ररावांचा एकुलता एक मुलगा उत्कर्ष अशाच एका कचेरीत कंत्राटी ऑपरेटर होता. कचेरीचं नाव लिहीत नाही. पोरगा हुशार, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याचा करार वर्षाला संपायचा आणि साहेबांनी शिफारस केली की पुढं चालू व्हायचा. नुकतंच त्याचं लग्न झालं होतं. बायको दीपमाला अणदूरची, खंडोबाच्या देवळाजवळ वाढलेली. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. हळद नाही, भंडारा नाही, अक्षता नाहीत. तिची आई निबंधकाच्या व्हरांड्यात रडत होती आणि महारुद्रराव तिला कायद्याचं कलम समजावून सांगत होते. मला तेव्हाच त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला होता.

उत्कर्षच्या साहेबांचं नाव गौरीशंकर. हळू बोलणारा, प्रत्येकाला जेवलात का विचारणारा माणूस. असल्या गोड माणसांची मला धास्तीच वाटते. त्यांनी ते पत्र वाचलं, फलकावर लावायला दिलं आणि कुणालाही एक वाकडा शब्द बोलले नाहीत. श्रावण लागल्यावर मात्र त्यांनी उत्कर्षला केबिनमध्ये बोलावलं.

त्या संध्याकाळी महारुद्ररावांनी मला घरी बोलावून घेतलं. उत्कर्ष पलंगाच्या कडेला बसला होता.

"साहेब म्हणले, आपल्या हापिसात नवं जोडपं तुमचंच हाय. अवंदा पूजेला तुमीच बसायचं," तो म्हणाला. "आन् वर म्हणले, कराराची फाइल टेबलावरच ठेवलीय."

"न्हाय म्हणून लेखी दे," महारुद्रराव म्हणाले.

"लेखी दिलं की दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरा दिसंल, अण्णा."

"मग आजारी पड."

तेवढ्यात दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात आली. एरवी ती सासऱ्यांपुढं फारसं बोलायची नाही.

"मला बसायचंय, मामा," ती म्हणाली. "माझ्या लग्नात मला कुणी पाटावर बसवलं न्हाय. आता साहेब बसवत्यात. त्यात म्या काय गुन्हा करतीय?"

"गुन्हाच हाय तो. पत्र आलंय," महारुद्रराव म्हणाले.

पोरीचा चेहरा खाडकन उतरला. मी मध्ये पडून काहीबाही बोलले. निघताना मी महारुद्ररावांना दारात गाठलं आणि म्हटलं, या वर्षी मोबाइल घरी ठेवा, ही सरळसरळ फासकी लावलीय, पहिलीतल्या पोरालाही दिसेल.

"दरसाल जातो. अवंदा आपलं पोरगं हाय म्हणून न्हाय गेलो, तर लोक काय म्हणतील?"

जन्मभर लोकांना न जुमानणारा माणूस त्या दिवशी लोकांचं नाव घेत होता. मला हसावं की रडावं कळेना.

पूजेच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. एकटं सोडवेना. कचेरीच्या मोठ्या खोलीत टेबलं भिंतीला सरकवली होती. चौरंगाला केळीचे खुंट बांधले होते. उत्कर्ष पँटवरच उपरणं घेऊन बसला होता आणि शेजारी हिरव्या साडीत दीपमाला. ती इतकी छान दिसत होती की मला तिचा हेवा वाटला. सगळा स्टाफ भोवती दाटीनं उभा होता. आम्ही दारात दिसलो आणि भटजीसुद्धा थांबले.

"या काका, या," गौरीशंकर साहेब पुढं आले. "तुमची वाटच बघत होतो. काढा की फोटो."

मग ते स्टाफकडं वळले. "जरा बाजूला व्हा रे सगळे. काकांना फोटो काढायचाय. जोडप्याचा नीट येऊ द्या."

आणि सगळे बाजूला झाले. कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. शिपाई, कारकून, लेखापाल, सगळे भिंतीला चिकटले. भटजीही उठून खांबाआड गेले. चौरंगापुढं फक्त नवराबायको उरली. साहेब महारुद्ररावांच्या पाठीमागं येऊन त्यांच्या खांद्यावरून मोबाइलच्या पडद्यात बघत उभे राहिले.

"थोडं डावीकडं घ्या, काका. चौरंग सगळा येत न्हाय," ते म्हणाले. कुणीतरी खुदकन हसलं.

दीपमालाला वाटलं, सासरे आपला फोटो काढतायत. तिनं पदर सारखा केला आणि हसली. उत्कर्षला कळलं होतं. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. महारुद्ररावांनी मोबाइल वर धरला. मी त्यांची बाही ओढली, चला म्हटलं. त्यांनी बाही सोडवून घेतली आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शिवकुमार वकिलांकडं बसलो. वकील म्हणाले, तक्रार केली तर पोरगं जातं, नाही केली तर मंच जातो. मी म्हटलं, मंच गेला चुलीत. तीन म्हाताऱ्यांचा तो मंच, त्याच्यापायी पोराच्या ताटात माती कालवायची का? महारुद्ररावांनी तक्रारीचा कागद पुढं ओढला.

"पहिल्या ओळीत साहेबाचं नाव घालतो," शेवटी ते म्हणाले. "पूजा त्यानं घातली. मंग कारवाई त्याच्यावरच हुईल. कायदा काय आंधळा न्हाय."

इतकी वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून माणूस इतका भाबडा कसा राहतो, मला सांगा. त्यांनी तक्रार पाठवली, सोबत फोटो जोडला. त्याच संध्याकाळी दीपमालानं तो फोटो त्यांच्याकडं मागून घेतला आणि आपल्या आईला पाठवला. तक्रारीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई तिकडून म्हणाली, सासरे सुधारले गं तुझे.

चौकशी झाली. गौरीशंकर साहेबांनी लिहून दिलं की त्या दिवशी ते धाराशिवला बैठकीला होते, आणि संबंधित कंत्राटी कर्मचाऱ्यानं वैयक्तिक श्रद्धेपोटी, कुणाचीही परवानगी न घेता पूजा मांडली. खाली सगळ्या स्टाफनं सह्या केल्या. उत्कर्षच्या डब्यातलं रोज खाणाऱ्यांनीही केल्या. मी आणि महारुद्रराव जाऊन सांगून आलो की साहेब तिथंच होते, आमच्या पाठीमागंच उभे होते. चौकशी अधिकाऱ्यानं फोटो पुढं सरकवला आणि विचारलं, कुठं दिसतायत?

उत्कर्षचा करार संपवला. कारणात पत्रातलंच वाक्य होतं.

तो घरी बसला. बापावर ओरडला नाही, भांडला नाही. बाप जेवायला बसला की हा ताट घेऊन आत जायचा, एवढंच. दीपमालाला आता सगळं कळलं होतं. ती सासऱ्यांना वेळेवर चहा द्यायची, पण कप हातात द्यायच्याऐवजी खाली ठेवायची. महारुद्रराव माझ्याकडं येऊन बसायचे आणि भिंतीकडं बघायचे. मला त्यांची दया यायची आणि दुसऱ्या क्षणी दोन मुस्काटात द्याव्यात असंही वाटायचं.

नोव्हेंबरात गौरीशंकर साहेबांचा निरोप आला. कचेरीत संविधान दिन साजरा करायचाय, त्यात जागरूक नागरिक म्हणून काकांचा सत्कार ठेवलाय. आणि ऑपरेटरची जागा अजून भरलेली नाही, आल्यावर बोलू.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"बाई, जागा मोकळी हाय म्हणले," ते म्हणाले, आणि मीही त्यांच्याबरोबर गेले.

तीच खोली, तीच टेबलं भिंतीला सरकवलेली. टेबलावर संविधानाच्या उद्देशिकेची तसबीर, तिला झेंडूचा हार, पुढं समई. साहेबांनी महारुद्ररावांच्या हातात नारळ दिला.

"शुभारंभ तुमच्या हातानं, काका."

महारुद्रराव नारळाकडं बघत राहिले. मी मनात म्हणत होते, टाका तो खाली, टाका आणि चला. समोर ऑपरेटरची रिकामी खुर्ची होती. त्यांनी खाली वाकून दगडावर नारळ आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. सवयच नव्हती. स्टाफमधून कुणीतरी ओरडलं, "जोरात, काका!" तिसऱ्यांदा फुटला आणि पाणी त्यांच्या धोतरावर उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी स्वतःच्या अंगठ्यानं त्यांच्या कपाळावर कुंकू ओढलं, शाल घातली आणि नारळाचं अर्धं भकल त्यांच्या हातात परत दिलं. या वेळी फोटो काढायला सगळे मोबाइल वर आले आणि फोटोत यायला साहेबही उभे राहिले.

कार्यक्रम उरकल्यावर महारुद्रराव केबिनमध्ये गेले. मी दारात थांबले.

"साहेब, उत्कर्षचं..."

"मला लई वाईट वाटतं, काका," गौरीशंकर साहेब म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला त्यांनी. "पण शिस्तभंगावरून काढलेल्या माणसाला परत घेता येत न्हाय. नियम म्हणजे नियम. हे आमाला तुमीच तर शिकवलं. जेवून जा बरं का."

आम्ही चालत घरी आलो. फोटो आमच्या आधी पोचला होता. कळंबात कुणाच्या मोबाइलवर तो नव्हता, हे मला सांगता येणार नाही. उत्कर्ष बाहेरच्या खोलीत उभा होता. त्यानं बापाची शाल बघितली, भकल बघितलं, कपाळ बघितलं.

"देतो म्हणले का जागा?"

"न्हाय."

उत्कर्ष अगदी हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, तत्त्व मोडायचंच होतं तर श्रावणात मोडायचं होतं."

महारुद्ररावांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. मी त्यांची बाजू घ्यायला म्हणून आत आले होते. तशीच बाहेर पडले.

आठवड्याभरात उत्कर्ष आणि दीपमाला अणदूरला तिच्या माहेरी राहायला निघाले. दीपमालाच्या वडलांनी उत्कर्षसाठी तिकडं द्राक्षाच्या बागेवर काम बघितलं होतं. मी सामान बांधू लागायला गेले होते. निघताना दीपमाला माझ्या पाया पडली. त्या घरात पाया पडायची पद्धत नव्हती. उत्कर्ष लहान असल्यापासून बापानं कधी पडू दिलं नव्हतं. माणसानं माणसापुढं वाकू नये, म्हणायचे. उत्कर्षनं बॅग उचलली, मला येतो म्हणाला आणि बाहेर पडला.

महारुद्रराव खुर्चीत बसले होते. त्यांनी पाय थोडे पुढं करून ठेवले होते.