सरपोतदार साहेबांचं डच पोर्ट्रेट

चित्रकार क्षिप्राच्या नवऱ्याला ऐन आजारपणात नोकरीवरून काढलं ते सरपोतदार साहेबांनी. तो गेला, साहेब विसरले. आता निवृत्तीनिमित्त त्यांना जुन्या डच पद्धतीचं पोर्ट्रेट हवं होतं, तेही तिच्याच हातचं.

क्वीन्सटाउन सोसायटीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिने त्यांना खिडकीशी बसवलं. अर्धा चेहरा काळोखात बुडवला आणि उरलासुरला उजेड गळ्याच्या लोंबत्या कातडीवर ओतला. हाताशी कवटी रंगवली.

"ही कशाला?" चित्र बघून साहेब चाचरले.

"पद्धतच आहे हो त्या डच चित्रकारांची. माणूस मरणार, हे चित्रातच सांगून ठेवायचं."

साहेबांची बायको मात्र हरखली. "अय्या, अगदी हुबेहूब! जेवणाच्या टेबलासमोरच लावू या."

साहेबांचा हात नकळत गळ्याकडे गेला.

"खिळा ठोकायला मीच येते, वहिनी," क्षिप्रा गोड हसून म्हणाली.