दारापर्यंतची रेघ

मी एक वॉकर आहे आणि आज मला बोलायचंय. एरवी माझं ऐकतंय कोण? चार पाय, दोन मुठी आणि पुढे एक आडवी नळी, एवढाच माझा पसारा. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. नळ्या कापल्या, वाकवल्या, पायांना ओळीनं भोकं पाडली, खाली रबरी बुचं बसवली आणि खोक्यात कोंबलं. खोकं उघडलं ते थेट या इमारतीत.

इमारत दुमजली. खालच्या मजल्यावर माणसं थोड्या दिवसांसाठी येतात. कुणाचं हाड मोडलेलं, कुणाच्या अर्ध्या अंगातली ताकद गेलेली. रोज व्यायाम करून घेतात, उठणं-बसणं, जिना चढणं नव्यानं शिकवतात, आणि पाच-सहा आठवड्यांनी माणूस घरी जातं. वरच्या मजल्यावर जातात ते राहायलाच. तिथे चोवीस तास सिस्टर, औषधं, इंजेक्शनं, कूस बदलणं, सगळं वेळच्या वेळी.

वरचा मजला वाईट नाही हो. ज्यांना त्याची गरज आहे त्यांचा तो मोठाच आधार आहे. एका काकांच्या मुलानं हट्ट धरला, माझा बाप वर जाणार नाही म्हणाला आणि त्यांना घरी घेऊन गेला. चौथ्या दिवशी काका न्हाणीघरात पडले ते पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हा कुणाला वर न्यायचं नि कुणाला घरी, हे ठरवताना भल्याभल्यांना घाम फुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं दुखणं वेगळं आहे. मला माहीत असतं आणि मला सांगता येत नाही.

टाचणीआजी आल्या तेव्हा व्यायामवाल्या ताईंनी माझे पाय दोन भोकं आखूड केले, इतक्या त्या बुटक्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेले. गाऊनच्या खांद्यावर कायम चार टाचण्या टोचलेल्या. सिस्टरनं काढून घेतल्या तरी दुसऱ्या दिवशी नव्या हजर. कुठून आणत, देव जाणे. दोऱ्याचं रीळ काढायला स्टुलावर चढल्या, तोल गेला आणि खुबा मोडला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मुलाला स्पष्ट सांगितलं, की तीन आठवडे बघू. ताईंच्या वहीत प्रगती दिसली तर इथेच ठेवून घरी पाठवू, नाहीतर वरच्या मजल्याचं बघावं लागेल. मुलगा हसून म्हणाला, माझी आई नाकावर माशी बसू देत नाही, ती चालणारच.

आणि इथेच घोडं अडलं. व्यायामाचा हॉल मोठा, भिंतीला आरसे, दहा-बारा जण एकमेकांकडे बघत पाय उचलताहेत. ताई रोज सकाळी आजींना चाकांच्या खुर्चीतून तिथे न्यायच्या, मला पुढे उभं करायच्या. आजी हाताची घडी घालून म्हणायच्या, आज नको. उद्याही आज नकोच. ताईंनी गोंजारलं, रागावून पाहिलं, एकदा तर हात जोडले. आजी ढिम्म. मग ताई वहीत लिहायच्या: व्यायामास नकार.

त्या बिचाऱ्यांचा काय दोष? दार लावल्यावर काय चालायचं ते त्यांना माहीत नव्हतं ना.

दुपारी जेवणं झाली, की सगळा मजला पेंगायचा. आजी दार लावायला सांगायच्या, झोपते म्हणायच्या. मला परत पलंगाशी ठेवलेलं असायचं. पावलांचा आवाज लांब गेला, की आजी माझ्या मुठी धरायच्या. पहिल्या दिवशी नुसत्या उभ्या राहिल्या, मी लटलटलो. दुसऱ्या दिवशी एक पाऊल. जिथवर गेल्या तिथे, निघताना उशीखालून घेतलेल्या शिंपीखडूनं, माझ्या आडव्या नळीला धरून वाकून, फरशीवर रेघ मारायच्या. खुबा असा कळवळायचा, की तोंडातून आवाज निघू नये म्हणून गाऊनची कॉलर दातात धरायच्या. सकाळी झाडूवाल्या बाई फरशी पुसायच्या, रेघ जायची. दुपारी आजी नवी रेघ मारायच्या, आदल्या दिवशीच्या पुढे.

का असं, ते त्यांनी मलाच सांगितलं. माणूस एकटं पडलं की वस्तूंशी बोलतं. म्हणाल्या, "अर्धवट शिवलेलं गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं रे. बाही लोंबतेय, टाके सुटलेत, असं बघितलं की त्याचा विश्वास उडतो. पुरतं झालं की मगच घडी उघडायची."

अहो, हे कापड नव्हतं. अर्धवट चालणंच इथे बघतात, त्याचीच वहीत नोंद होते. हे मी कसं सांगू? माझा जीव नुसता तुटायचा.

मुलगा आठवड्यातून दोनदा यायचा. आजी पायांवर चादर ओढून बसलेल्या. त्यानं विचारलं, आई, चाललीस का, की म्हणायच्या, होईल. तिसऱ्या आठवड्यात त्याला म्हणाल्या, "रविवारी ये. सकाळीच ये." गिऱ्हाइकाला जन्मभर असंच सांगितलं असणार, आणि रविवार कधी चुकवलाही नसणार. मुलाला मात्र त्यात टाळाटाळच दिसली.

रविवार उजाडला. त्या दिवशी झाडूवाल्या बाई सुटीवर. आदल्या दुपारची रेघ तशीच होती, दाराच्या अगदी उंबऱ्याशी. पलंगापासून एकवीस फरश्या, मध्ये कुठेही न बसता. आजींनी सिस्टरकडून केस विंचरून घेतले, पलंगाच्या काठावर बसल्या, मला समोर ओढलं. मी इतका ताठ उभा होतो, की कारखान्यातही नसेन.

मुलगा आला तो व्हीलचेअर ढकलत. समोर बसला, आईचे हात हातात घेतले आणि मान खाली घालून बोलायला लागला. वरच्या मजल्यावर एक जागा रिकामी झाली होती, काल संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. डॉक्टरांनी वही पुढे ठेवली, वीसच्या वीस दिवस नकार. त्यानं सही केली.

"तू एकदा तरी उभी राहिली असतीस ना आई, तर मी भांडलो असतो सगळ्यांशी," तो म्हणाला आणि हमसून रडला. रडून झाल्यावर डोळे पुसत त्यानं सांगितलं, की काल किती दिवसांनी झोप लागली. आता तुझ्याजवळ कायम कुणीतरी असेल.

आजींनी त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रेघेकडे. मग माझ्याकडे. त्यांचे हात माझ्या मुठींवर होते, घट्ट. उठा, मी मनात म्हणत होतो, उठा हो, एकवीस फरश्या आहेत फक्त, सही काय, मागे घेतासुद्धा येते. उठा.

त्यांनी एकेक बोट सोडवलं. "बरं," म्हणाल्या.

बास. एवढंच. मुलाला सही जन्मभर खात राहील म्हणून गप्प बसल्या, की मन मोडलं म्हणून, मला कळलं नाही. आजही कळत नाही. त्याचं झोप मिळालेलं तोंड बघून आईला काय वाटलं, ते मी धातूचा तुकडा काय सांगणार?

त्यानं उचलून खुर्चीत बसवलं, त्यांनी बसवू दिलं, अगदी लहान मुलासारखं. निघताना माझ्या आडव्या नळीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तुझं काम चोख होतं."

"काय म्हणालीस?" मुलानं विचारलं.

"काही नाही. चल."

खुर्चीची चाकं रेघेवरून गेली.

मी आता हॉलमध्ये भिंतीला टेकून असतो. वर मला नेलं नाही. तिथे खुर्च्याच लागतात. माझे पाय अजून आजींच्या मापाचे आहेत. माझ्या एका रबरी बुचाला त्यांचा खडू चिकटलाय, तोही झिजत चाललाय. झाडूवाल्या बाई परवा ताईंना सांगत होत्या, की टाचणीआजींनी वर गेल्यापासून पायच टेकले नाहीत, आणि खांद्यावर टाचण्याही नसतात हल्ली. मग सहज म्हणाल्या, त्यांच्या खोलीत रोज खडूच्या रेघा असायच्या, पुसून पुसून हात दुखायचे माझे. ताई वहीत लिहिता लिहिता थांबल्या. किती दिवस असायच्या, त्यांनी विचारलं. रोज, बाई म्हणाल्या, रोज थोड्या पुढे.

ताई उठून माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या, माझ्या पायाचं ते बूच अंगठ्यानं चोळून पाहिलं. अंगठ्याला खडू लागला.

तुमचंही कुणीतरी असं कुठे असेल, आणि सही करायची वेळ आली असेल, तर वही वाचाच. पण एकदा दुपारी न सांगता जा. दार लावलेलं असलं तर हळूच ढकला. माझ्या आजींचं दार कुणी ढकललं नाही.