पलीकडच्या काठावर तोरू

डोळे मिट.

मेलिसनं मिटले. उल्काननं त्याच्या उजव्या मांडीवर, टाक्यांच्या वर, तळहात ठेवला.

"डावा पाय रिकिबीत घाल. तोरूची आयाळ लागली हाताला?"

"लागली, एजे. घामानं ओली आहे."

"उजवा पाय टाक पलीकडं."

तळहाताखाली काहीच नाही. मांडी कणकेच्या गोळ्यासारखी पडलेली.

"टाकला?"

"पडतोय! एजे, पडतोय मी, तोरू माझ्या अंगावर—"

डोळे उघड.

त्याचा सदरा भिजला होता. तरी हसला. "मी पडतोय आणि गारठलाय हात तुमचा. बर्फात धुऊन आलात का?"

"गप बस, दांडग्या."

बिश्केकच्या या दवाखान्यात जायबंदी खेळाडूंना पुन्हा उभं करण्यात उल्कानची उमर गेली. पैलवान, फुटबॉलवाले, सगळे तिला एजे, म्हणजे थोरली बहीण म्हणत, आणि ती त्यांना पलंगावरच डोळे मिटून कुस्त्या खेळायला लावी. मनात पाय हलला की मांडी जागी होते. मेलिसचा गुडघा डॉक्टरांनी नीट जोडला होता, पण मांडी जागी होत नव्हती. ती नाही झाली, तर गुडघा असाच आखडणार. आणि मेलिस कोक-बोरूचा गडी. भरधाव घोड्यावरून वाकून बोकडाचं धड उचलायचं, गुडघ्याखाली खोगिराशी दाबायचं आणि पळवायचं. गुडघा गेला की गडी गेला.

हे सगळं तिला पाठ होतं. भीती वेगळीच होती.

भीती काही दिवसांपूर्वी दवाखान्याच्या जिन्यात सुरू झाली होती. मेलिसचा थोरला भाऊ जोल्दोश टोपी चुरगाळत तिथं उभा होता.

"तोरू राहिला नाही, एजे. मेलिसबरोबर पडला तेव्हाच पुढचा पाय मोडला त्याचा. मैदानातच त्याला कापावं लागलं. खोगीर मी उतरवलं आधी. रीतीप्रमाणं मांस गावात वाटलं, आमच्या घरी कुणी तोंडाला लावलं नाही."

"मेलिसला सांगितलं?"

"नका सांगू, पाया पडतो! घोडा वाट बघतोय म्हणून तर तो पाय हलवतोय."

"हलवतोय कुठं?" उल्कान म्हणाली.

तेव्हापासून 'डोळे मिट' म्हणणं तिला जड जायचं. जिवंत माणसाला रोज मेलेल्या घोड्यावर बसवायचं. आणि सांगावं, तर मांडी कायमची झोपली म्हणजे?

आज सांगूनही मेलिसनं डोळे मिटले नाहीत.

"एजे, तोरू खातोय ना नीट? विचारलं की दादा खिडकीकडं बघतो."

उल्कान पलंगाच्या कडेला बसली.

तिच्या खेड्याकडं मरण सरळ सांगत नाहीत. तिचा नवरा रशियात कामावर असताना वारला, तेव्हा गावातली म्हातारी माणसं येऊन बसली. एका बाईनं तिचा दंड धरून ठेवला. मग सर्वांत वडील होते ते म्हणाले, उल्कान, एक ससाणा होता, मोठा गुणी, त्याच्या पायातली दोरी तुटली. दोरीपर्यंत येता येताच तिला कळलं होतं.

घोड्यासाठी असं कुणी करत नाही.

"डोळे मिट," ती म्हणाली. दंड धरावा तशी तिनं मांडी धरली.

"नदीवर ये. तुमच्या गावच्या. पाणी खूप चढलंय. तू अलीकडं उभा आहेस."

"आणि तोरू?"

"पलीकडच्या काठावर."

बाहेर कुणीतरी बादली सरकवली. मेलिसचा श्वास अडकला. तोही खेड्यातलाच, ही रीत त्याला ठाऊक होती.

"हाक मारू?"

"मार. कान टवकारेल." तिनं पकड घट्ट केली. "येणार नाही."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं. पापण्या मिटलेल्याच. हाताखालची मांडी थंड, मऊ. घालवला पाय, उल्कानला वाटलं, मीच घालवला.

"एजे."

"हं."

"खोगीर आहे त्याच्या पाठीवर?"

"नाही. जोल्दोशनं उतरवलं. आधी उतरवलं, आणि मग..."

"बरं केलं." तो म्हणाला. "उघड्या पाठीनं बरं वाटत असेल त्याला."

"हो."

"मग मी निघतो, एजे. घर लांब आहे. चालतच जावं लागेल."

आणि तिच्या तळहाताखाली काहीतरी ताणलं गेलं. बारीकसं. सुटलं. परत ताणलं गेलं.

तिनं हात काढला नाही. डोळे उघड, असंही म्हणाली नाही.