मनसारामनं बुडवलेली बोट

दामिनीची बोट कोनी बुडवली, हे सरानं विचारायच्या आधीच मले ठाऊक होतं. बुडवनारा माझाच नवरा, मनसाराम.

आमच्या तलावावर शिडाच्या बोटींचा क्लब हाये. बोटी धुवायच्या, दोऱ्या तपासायच्या, शिडं सुकवायची, हे मनसारामचं काम. आमची पोरगी दामिनी तिथीच क्लबाच्या सराजवळ शिकली. आज तिची निवडीची शर्यत. जिंकली त भोपाळले शिडाच्या बोटींच्या शाळेत शिकाले जाईन.

काल दुपारी याले तिच्या बोटीच्या बुडाले बारीक फट दिसली. आता आमच्या ढिवरांत, मासे धरनाऱ्यायत, लाकडी डोंगा उन्हानं तडकला की त्याले गोटे भरून तलावात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते, फट बुजून जाते. या मानसानं क्लबाच्या बोटीलेही तेच केलं. अरे बावा, तो सागाचा डोंगा नोहोय, प्लायवूड हाये! सकाळी वर काढली त सारे पदर सुटले होते.

घरून तलाव, तलावावरून घर, मले बसवेचना. राग असा आला का चुलीतलं लाकूड याच्या पाठीत घालावं. तरी त्याले बजावलं, चूप राहा, काम गेलं त खाऊ काय.

सरानं साऱ्यायले उभं केलं. ज्यानं हे केलं त्याले क्लबात जागा नाई, म्हनाले. दामिनीनं बापाकडे पाह्यलं अन् हात वर केला.

"मी बुडवली, सर."

मनसाराम समोर गेला.

"पोरगी खोटं बोलून राह्यली. मी बुडवली. तिले दुसरी बोट द्या."

सरानं त्याच्याकडून शेडच्या चाब्या घेतल्या. दामिनीले एक जुनी बोट भेटली. वारा सुटला होता, शीड चढवताना बोट जागेवर राहीना. मनसाराम कोनाले न विचारता कमरेएवढ्या पान्यात गेला अन् बोट धरून उभा राह्यला. त्याले कोनी हटकलं नाई.

शिट्टी झाली. बाकीच्या बोटी निघाल्या. याचे हात काही सुटेचना.

"बाबा, सोडा आता," दामिनी म्हनाली.

तवा कुठी त्यानं सोडली.